शेळीचे कूळ, मुळशीचा पाऊस

मुळशी तालुक्यात दोन पाऊस आहेत. पूर्वेला हिंजवडी, माण, पिरंगुटकडे पडतो तो पुण्याच्या पावसाचा थोरला भाऊ. पश्चिमेला ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर पडतो तो थेट कोकणचा. तिथे एका हंगामात हजारो मिलिमीटर पाणी ओतते आणि दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. शेळी मुळात कोरड्या हवेचे जनावर. तिला ऊन चालते, काटे चालतात, अर्धपोट राहणेही चालते. चिखल चालत नाही. तरीही भाताची चार खाचरे आणि चढावरचा तुकडा एवढीच जमीन असलेल्या इथल्या घरांत शेळी पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता हिंजवडीच्या कारखानदारी-कचेऱ्यांनी आणि शेतघरांच्या कुंपणांनी जमीन गिळली (‘मुळशी पॅटर्न’ हा २०१८ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल), तेव्हा उरल्यासुरल्या गुंठ्यांवर मटणासाठी शेळ्या पाळाव्यात असे पुष्कळांच्या मनात येते. त्यात आपले लोकही आहेत. कोणती जात घ्यावी, कशाशी संकर करावा, असे ते विचारतात. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपला वाटा मोठा आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

मावळपट्ट्यातल्या अनेक गावांत मुसलमानाचे एखादेच घर असते आणि बहुधा ते मुलाण्याचे असते. गावगाड्यात मुलाणी हा वतनदार. गावजत्रेचा बोकड असो, नवसाचा असो की लग्नानंतरच्या गोंधळाचा, मराठ्याच्या दारातही सुरी मुलाण्याने फिरवायची आणि मगच ते मटण शिजायचे, अशी रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाड्या’त इतर बलुत्या-अलुत्यांबरोबर मुलाण्याचीही नोंद घेतली आहे. मुलाण्याला कापलेल्या जनावरातला ठरलेला वाटा आणि सुगीत धान्य मिळे. म्हणजे गावातल्या जवळजवळ प्रत्येक बोकडाच्या अंगावर शेवटचा हात याच माणसाचा पडे. कोणाच्या शेळीला जुळी होतात, कोणाच्या बोकडाच्या फऱ्याला मांस जास्त, कोणाचे जनावर वरून गुबगुबीत पण आतून जंतांनी पोखरलेले, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ही माहिती कागदावर कधी उतरली नाही. १९५० च्या दशकात वतने गेली, मुलाण्याचा वाटा गेला, आणि त्याबरोबर ती जाणही विरली. आमच्या मते हे नुकसान वतनापेक्षा मोठे होते.

शेळीवर पहिला मोठा घाला घातला तो जंगल खात्याने. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर डोंगर आणि पडीक राने सरकारजमा होत गेली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात हे गाऱ्हाणे स्पष्ट आहे: पूर्वी थोडक्या जमिनीचा शेतकरी रानचा मेवा खाऊन, एक-दोन गाई आणि दोन-चार शेळ्या पाळून आपल्या गावी सुखाने राही, जंगल खात्याने टेकड्या, माळ आणि गायराने ताब्यात घेतल्यावर त्या जनावरांना उभे राहायलाही जागा उरली नाही. ‘दोन-चार शेळ्या’ ही संख्या ध्यानात ठेवावी. आजही लहान शेतकऱ्याकडे तेवढ्याच असतात.

मुळशीवर याहून वेगळे संकट आले. टाटा कंपनीच्या धरणासाठी मुळा-नीळा खोऱ्यातली भाताची उत्तम जमीन जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा विझला, धरण झाले, पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. ज्यांची खाचरे बुडाली त्यांतले काही परागंदा झाले, काही वर डोंगराच्या अंगाला सरकले. डोंगरउतारावर भात पिकत नाही, नाचणी-वरई पिकते. आणि करवंदीच्या जाळ्यांत, उंबराच्या पाल्यावर शेळी जगते. गाय-म्हशीच्या मानाने शेळीचा आधार या चढावरच्या संसारांना अधिक वाटला असला पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

आता जातींकडे वळू. महाराष्ट्रात ज्यांचे कूळ ओळखले गेले अशा शेळ्या मुख्यतः चार: उस्मानाबादी, संगमनेरी, विदर्भातली बेरारी आणि कोकण कन्याळ. यांत मांसासाठी सर्वांत नावाजलेली उस्मानाबादी. बहुतेक काळी, मध्यम उंचीची, प्रौढ मादी ३०-३२ किलोची, नर थोडा जास्त. चांगल्या कळपात जुळी सहज होतात. लातूर, तुळजापूर, उदगीर हा तिचा मूळ मुलूख. निजामी राज्यातला हा दुष्काळी टापू. तिथे जी शेळी निवडली गेली ती माणसाने कमी आणि अवर्षणाने जास्त निवडली. धाराशिवला शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून उस्मानाबाद नाव पडले. २०२३ साली जिल्हा पुन्हा धाराशिव झाला. शेळीचे नाव मात्र नोंदीत उस्मानाबादीच आहे. बाजारात तर ते बदलण्याची शक्यता आम्हाला दिसत नाही. व्यापारी नावे कुळावरून ठेवतो, राजपत्रावरून नाही.

संगमनेरी ही नगर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांची. बरीचशी पांढरी, दूध आणि मांस दोन्हींना बरी. आपल्याला तीच सर्वांत जवळची, पण तिचाही प्रदेश पर्जन्यछायेतला. कोकण कन्याळ सिंधुदुर्गातली. काळा अंग, तोंडावर पांढरे पट्टे, आणि मुख्य म्हणजे तुफान पावसात टिकण्याची सवय. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ती पुढे आणली. ताम्हिणीकडच्या, पौडच्या पलीकडच्या माणसाने मराठवाड्याकडे पाहण्याआधी घाटाखाली पाहायला हवे, असे आम्हाला वाटते. पण उस्मानाबादीचा बोलबाला एवढा की गाडी भरून तुळजापूरहून शेळ्या आणायच्या, त्या पहिल्याच आषाढात खुरात पू होऊन आणि जुलाब लागून निम्म्या व्हायच्या, हे अनेकदा घडते. दोष शेळीचा नसतो.

संकराची हौस आपल्याकडे नवी नाही आणि ती नेहमी मांसासाठीही नव्हती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीचा संकर अंगोरा बोकडाशी करण्यात आला होता. हेतू लोकरीचा, म्हणजे मोहेरचा. अंगोरा हे नावच तुर्कस्तानातल्या अंकाराचे जुने रूप. प्रयोग शास्त्र म्हणून उत्तम, पण नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मोहेर विकायचे कोणाला? त्याला दारात येणारा खाटीक ठाऊक होता. संकर करताना बाजार आधी पाहावा लागतो, हे राहुरीच्या त्या केसाळ शेळ्यांवरून दिसते.

उलट दिशेचा प्रवासही आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. यमुना-चंबळच्या दुआबातली, इटाव्याची जमनापारी ही लांब कानांची, पोपटनाकाची शेळी ब्रिटिश काळात बोटींवर दुधासाठी चढवली गेली आणि इंग्लंडात पोहोचली. तिथल्या शेळ्यांशी आणि इजिप्तकडच्या नुबियन रक्ताशी तिचा संकर होऊन ‘अँग्लो-नुबियन’ जात तयार झाली. डच लोकांनी तीच जावा बेटावर नेली. इंडोनेशियात आजही तिच्या संकराला ‘पेरानाकान एटावा’ म्हणतात. इटावा हे गाव तिथल्या मुसलमान शेतकऱ्याच्या तोंडी रोज असते, फक्त ते उत्तर प्रदेशात आहे हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

मांसाच्या शेळीची आधुनिक गोष्ट मात्र दक्षिण आफ्रिकेची आहे. ‘बोअर’ म्हणजे डच भाषेत शेतकरी. केप प्रांताच्या पूर्वभागातल्या शेतकऱ्यांनी तिथल्या आदिवासींच्या गावठी शेळ्या घेतल्या, त्यांत काही युरोपी आणि, काही अभ्यासकांच्या मते, भारतीय रक्तही मिसळले. मग त्यांनी एक साधी गोष्ट चिकाटीने केली: सर्वांत चांगला बोकड विकला नाही, ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या ठेवला. १९५९ साली पैदासकारांचा संघ स्थापन करून कसोट्या लिहून काढल्या. अंग पांढरे, डोके तांबडे, छाती रुंद, आणि पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या पुढे. उस्मानाबादी नराच्या तिप्पट.

हा बोअर महाराष्ट्रात रुजवला तो फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली ही संस्था काढली. (त्यांच्या पत्नी लेखिका जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या, तेव्हा या शेळीकथेला साहित्याचा वास आपोआपच येतो.) १९९० च्या दशकात संस्थेने परदेशातून गोठवलेले भ्रूण आणून ते आपल्या शेळ्यांच्या पोटी वाढवले आणि गावठी शेळ्यांशी बोअरचा संकर सुरू केला. अर्धा बोअर, अर्धी उस्मानाबादी असे करडू पहिल्या काही महिन्यांतच भावंडांना मागे टाकते. दोन दूरच्या कुळांच्या पहिल्या संकरात जोम येतो, हे धान्यातही खरे आणि जनावरांतही. फलटणकरांनी मात्र बोअरचा जयजयकार केला नाही. वाढीव अंगाला वाढीव चारा लागतो, आणि आईला दूध कमी असेल तर अर्ध्या बोअरचे पोट भरत नाही.

खरे तर त्यांचे अधिक मोलाचे काम मेंढीवर झाले आणि ते इथे सांगितलेच पाहिजे. दख्खनी मेंढी वर्षाला एक कोकरू देते. सुंदरबनातली गरोळे नावाची बुटकी मेंढी दोन-तीन देते. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोळेतला तो एकच जनुकीय बदल पुनःपुन्हा दख्खनी रक्ताकडे वळवत आणला, म्हणजे अंगाने धनगराची मेंढी पण जुळी देणारी. तिला ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. गंमत अशी की हाच बदल ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढीत आहे आणि त्याचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांत सापडतो. बाहेरचे सगळे शरीर आणण्याऐवजी हवा तो एकच गुण आणायचा आणि बाकी अंग मातीतलेच ठेवायचे, ही रीत लहान शेतकऱ्याच्या हिताची आहे. तिला वेळ लागतो आणि तिची जाहिरात होत नाही.

बोअरची जाहिरात मात्र झाली. २००० नंतर ‘बंदिस्त शेळीपालन’ हा शब्द गावोगाव पोहोचला, प्रशिक्षणे भरली, आणि शुद्ध बोअरच्या नावाखाली पाव बोअर, अष्टमांश बोअर, कधी फक्त तांबड्या डोक्याचा गावठी बोकड विकला गेला. बरे, अर्ध्या बोअर नरालाच पुढे पैदाशीला लावले तर त्याच्या करडांत काही आजोबांवर जातात, काही आजीवर, आणि पहिल्या पिढीचा जोम पातळ होतो. घेणारा म्हणतो, बोअर बिघडला. बिघडलेला असतो तो हिशेब.

या सगळ्यात आपल्या समाजाशी थेट निगडित असलेला एक मुद्दा आहे, आणि तो आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवला. दोन-चार शेळ्यांच्या घरात सर्वांत जलद वाढलेला, सर्वांत देखणा बोकड कोणता? जो बकरी ईदला विकला जातो तो. भाव त्यालाच चांगला. देवनारच्या बाजारात (तिथले कत्तलखाने १९७१ पासून चालू आहेत) ईदच्या आधी देशभरातून जनावर उतरते, त्यात हा बोकडही जातो. मागे राहतो तो रेंगाळलेला, खुजा, भाव न आलेला नर. आणि पुढच्या साली गावातल्या शेळ्या त्याच्यापासून गाभण राहतात, बऱ्याचदा त्याच्या बहिणी आणि आईसुद्धा. बोअर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले त्याच्या नेमके उलट आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. पैदासशास्त्रात याला उलटी निवड म्हणतात. यात कुर्बानीचा दोष नाही. उलट कुर्बानीचे नियम वाचले तर ती जनावर निवडण्याची उत्तम कसोटीच आहे: बकऱ्याला वर्ष पुरे झालेले असावे; हदीसमध्ये सांगितलेले चार दोष नसावेत, म्हणजे उघड कानेपण, उघड आजार, उघड लंगडेपण आणि हाडात मगज न उरलेली कृशता. हीच चार लक्षणे शेळीपालनाचे कोणतेही पुस्तक सांगेल. अडचण एवढीच की ती कसोटी आपण विकण्यासाठी लावतो, राखण्यासाठी नाही.

पूर्वी याला एक नकळत उतारा होता, असे आम्हाला वाटते. देवाला किंवा पीराला सोडलेला नवसाचा बोकड वर्ष-दोन वर्षे गावात मोकळा फिरे. नवसाला लोक अव्वल करडू सोडत, आणि जत्रा किंवा उरूस येईपर्यंत त्याने गावच्या बऱ्याच शेळ्या फळवलेल्या असत. गाईंसाठी गावचा वळू असे; शेळ्यांसाठी वेगळी सोय कोणी केलेली नव्हती, ती या नवसाच्या बोकडाने केली असावी. तो गेला तसा गावचा चांगला नरही गेला.

मागणीचा दाबही वाढला आहे. महाराष्ट्रात २०१५ साली गोहत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. मोठ्या जनावरात सात जणांचे हिस्से होतात, बकऱ्यात एकाचाच. रेड्याची वाट मोकळी आहे, पण अनेक गरीब घरे बकऱ्याकडे वळली किंवा कुर्बानीच सोडून बसली. दुसरीकडे २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या शेळ्या १४ कोटी ८८ लाखांवर गेल्या, २०१२ पेक्षा दहा टक्क्यांनी जास्त. महाराष्ट्रात त्या एक कोटीच्या पुढे आहेत. संख्या वाढते. अंग वाढते का, हे त्या आकड्यांत लिहिलेले नसते.

मग मुळशीच्या माणसाने काय करावे? एकट्या घराला पैदाशीचा बोकड परवडत नाही. एक नर पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो आणि इथे शेळ्या तीन. म्हणून पाच-सात घरांनी, आणि ती सगळी मुसलमानांचीच असण्याचे कारण नाही, मिळून एक बोकड ठेवावा. मावळात जनावर निम्म्या वाट्याने राखायला देण्याची चाल आहेच. तीच बोकडाला लावता येईल. दोन वर्षांनी तो लांबच्या गावच्या बोकडाशी बदलावा, म्हणजे मुलीवर बाप जाणार नाही. निवडताना बोकडाच्या रंगापेक्षा त्याच्या आईकडे पाहावे: ती जुळी देते का, दोन्ही करडे जगवते का, आणि पावसाळा संपताना तिच्या अंगावर काय उरते. वृषण दोन्ही सारखे आणि मोठे, पाय सरळ, जबडा नीट जुळणारा. पिरंगुटच्या बाजूला उस्मानाबादी किंवा संगमनेरी रक्त चालेल. मुठा-ताम्हिणीकडे गावठी शेळीच पाया धरावी, नर कोकण कन्याळ घ्यावा. बोअर हवाच असेल तर तो बाहेरून फळवून घ्यावा, त्याची करडे सगळी विकावीत, आणि पैदाशीच्या पाटी शुद्ध गावठी आयांच्याच ठेवाव्यात.

गोठ्याला जमिनीपासून हात-दोन हात उंच फळ्यांचा माच करावा, कोकणात करतात तसा. मूत खाली जाते, खूर कोरडा राहतो. भाताच्या खाचराच्या बांधावर पावसाळ्यात शेळी सोडू नये. तिथल्या गोगलगाईंमधून यकृतातले चपटे जंत येतात. पोटातले रक्त पिणारे जंत ओळखायला दक्षिण आफ्रिकेच्या पशुवैद्यांनी सोपी युक्ती काढली आहे: खालची पापणी उलटून पाहायची, लाल असेल तर ठीक, फिकी पडली तर औषध. सरसकट सगळ्यांना औषध पाजण्यापेक्षा हे स्वस्त, आणि पैदाशीसाठी उपयोगाचेही; औषधावाचून ज्या शेळीची पापणी लाल राहते तिचीच पाट ठेवायची. मुळशीच्या पावसाने निवडलेले कूळ ते हेच. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी मात्र पावसाआधी टोचूनच घ्याव्यात.

राहता राहिले पंचांग. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. जिल्हेजची दहावी आणि आषाढाची एकादशी एकाच चंद्रावर चालतात, त्यामुळे २०२२ आणि २०२३ साली बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. अनेक गावांतल्या मुसलमानांनी २०२३ मध्ये कुर्बानी पुढच्या दिवसावर ढकलली. मुळशीच्या शेळीपालाला ती वर्षे तशीही जड होती, कारण भर पावसात बोकड अंगाने उतरलेला असतो. आता ईद उन्हाळ्याकडे सरकली आहे. २०३० च्या सुमारास ती एप्रिलच्या मध्यावर असेल. त्या ईदचा बोकड मार्च २०२९ पर्यंत जन्मला तरी नियमात बसेल, पण मार्चचे करडू तीन महिन्यांचे असतानाच पहिला पाऊस अंगावर घेते आणि बऱ्याचदा तिथेच खुंटते. नोव्हेंबर-डिसेंबर २०२८ मध्ये विणारी शेळी बरी. तिचे करडू पावसाआधी सहा महिन्यांचे झालेले असेल आणि पावसानंतर चरून भरून यायला त्याला दिवाळीपासून चैत्रापर्यंत वेळ मिळेल. शेळीचे पोट पाच महिन्यांचे. म्हणजे ती जून-जुलैत फळली पाहिजे, आणि त्या जुळ्यांतला सरस नर ईदला न काढता पुढच्या दोन हंगामांसाठी गावात राहिला पाहिजे. दुसऱ्याला भाव येईलच.